तुरट रसाची पकड: वनस्पतींतलं टॅनिन ओळखा, काढा आणि वापरा

डाळिंबाच्या वाळलेल्या सालीचा नखाएवढा तुकडा दाताखाली धरून पाहा. क्षणभर काहीच होत नाही. मग गालांच्या आतली बाजू आकसते, जीभ टाळूला खरखरीत लागते आणि तोंडात लाळ असूनही घसा कोरडा पडल्यासारखा वाटतो. हा तुरटपणा म्हणजे टॅनिनशी झालेली आपली पहिली ओळख. खरं तर तो चवीपेक्षा स्पर्शाच्या जवळचा आहे. लाळेतली काही प्रथिनं तोंडाला वंगण पुरवत असतात. टॅनिन त्या प्रथिनांना धरतं, त्यांच्या गुठळ्या करतं, वंगण निघून जातं आणि जीभ टाळूवर कोरडी घासू लागते.

आपल्या भाषेला हे फार आधीपासून ठाऊक आहे. संस्कृतातून आलेल्या ‘कषाय’ या एका शब्दाचे तीन अर्थ बघा: तुरट रस, काढा आणि तांबूस-पिवळसर रंग. तुरट साल उकळली की काढा होतो आणि त्यात कापड बुडवलं की तो रंग चढतो. टॅनिनची अर्धी गोष्ट या एका शब्दात आली.

उरलेली अर्धी हातांनी करून बघायची आहे, त्यासाठी हा लेख. एकच गोष्ट पक्की धरून ठेवा: टॅनिन धरून ठेवतं. प्रथिनाला धरतं, धातूला धरतं, थोडंफार सुती धाग्यालाही धरतं. रंगाई, शाई, लाकूड, गंज, चहा, डाग, सगळी कामं या पकडीतूनच निघतात.

पकड येते कुठून

टॅनिन हा एकच पदार्थ नाही, ते एक मोठं कुटुंब आहे. पाण्यात विरघळणारी, बऱ्यापैकी मोठ्या रेणूंची ही पॉलिफेनॉलं, म्हणजे अनेक फेनॉल-कडी जोडलेली वनस्पतिद्रव्यं. त्यांच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) ठिकठिकाणी लोंबत असतात. प्रत्येक गटाची पकड हलकी, पण अनेक ठिकाणी एकदम धरल्यामुळे एकूण पकड घट्ट होते. झाडाला हे संरक्षणासाठी लागतं. तुरट पान खाणाऱ्याला नकोसं वाटतं, आणि खाल्लंच तर त्यातली प्रथिनं टॅनिनमध्ये अडकून नीट पचत नाहीत. शेळ्या तुरट पाला बराच रेटून खातात, कारण त्यांच्या लाळेत टॅनिनला आधीच अडवणारी प्रथिनं असतात.

या कुटुंबाच्या दोन मुख्य शाखा आहेत आणि हाताने काम करणाऱ्याला त्या माहीत असायलाच हव्यात. पहिली जलविघटनशील, म्हणजे पाण्याने तुटू शकणारी टॅनिनं: हिरडा, डाळिंबाची साल आणि मायफळ यांतली. मायफळ हे फळ नव्हेच. ओकच्या झाडावर एका छोट्या गांधीलमाशीच्या अळीमुळे धरणारी ती गाठ असते, आणि टॅनिनच्या बाबतीत तिच्या तोडीचं फार थोडं काही सापडतं. दुसरी शाखा संघनित टॅनिनांची: बाभळीची साल, खैराचा कात, द्राक्षाच्या बिया. पहिलीचे रंग फिके, पिवळसर. दुसरीचे तांबूस-तपकिरी, आणि उन्हात आणखी गडद होणारे.

‘टॅनिन’ हे नाव फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ सेगँ यांनी 1796 मध्ये रूढ केलं, तेही कातडं कमावण्याच्या अभ्यासातून. 1803 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी तुरट वनस्पतींवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात मुंबईहून आणि बंगालमधून आलेला कात त्यांनी तपासला होता. कातडं कमावताना टॅनिनची हीच पकड कामाला येते: कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंमध्ये टॅनिन शिरतं आणि शेजारशेजारचे तंतू एकमेकांना बांधून टाकतं. कच्चं कातडं ओलं असताना साधारण 60 ते 65 अंश सेल्सिअसला आकसतं. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं 75 ते 85 अंशांपर्यंत टिकतं आणि सडत नाही. पूर्वी ओकच्या सालीच्या खड्ड्यांत जाड कातडं वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ पडून असे. हे काम घरी करू नका असंच मी सांगेन. वास, चुना आणि सांडपाणी हे सगळं घरात सांभाळण्यासारखं नाही.

आधी ओळखा: लोखंडाची चाचणी

कोणत्याही सालीत, पानात किंवा फळाच्या टरफलात टॅनिन आहे का, हे घरच्या घरी कळतं. अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट, लोखंडाचा क्षार) विरघळवा. हिराकस नसेल तर अर्धी वाटी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये न गंजलेले चार-पाच खिळे दोन दिवस पडू द्या. भांड्यावर झाकण घट्ट लावू नका, कारण आत हायड्रोजन वायू तयार होत असतो.

आता चमचाभर सालीचा चुरा कपभर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. हा काढा पांढऱ्या बशीत ओता आणि लोखंडाच्या पाण्याचे दोन थेंब टाका. टॅनिन भरपूर असेल तर थेंब पडताक्षणी काळा ढग उठतो. तो नीट पाहा: निळसर काळा असेल तर पहिली शाखा, हिरवट काळा असेल तर दुसरी. मिश्रणही असतं, त्यामुळे छटा मधलीच दिसली तर गोंधळू नका.

एक खोच आहे. लोखंड टॅनिन नसलेल्या लहान फेनॉलांनाही रंग देतं. म्हणून मी नेहमी जिलेटिनची दुसरी चाचणी करतो. पाव चमचा जिलेटिन अर्धी वाटी गरम पाण्यात विरघळवून निववा आणि त्यात गाळलेला काढा ओता. पाणी दुधाळ होऊन गाळ खाली बसू लागला तर टॅनिन आहेच, कारण प्रथिनाला पकडून खाली आणणं ही त्याची खरी खूण. तोंडात लाळेचं जे होतं तेच इथे काचेच्या वाटीत डोळ्यांना दिसतं.

काढा कसा करायचा

साल वाळलेली हवी आणि भरड कुटलेली. फार बारीक पूड गाळताना छळते. स्टेनलेस स्टीलचं, इनॅमलचं किंवा काचेचं भांडं घ्या. लोखंडी कढई आणि पत्र्याचा डबा या कामातून कायमचे बाद. मी सुरुवातीला एकदा हिरड्याचा काढा लोखंडी कढईत ठेवला होता. पाच मिनिटांत तो शाईसारखा झाला आणि त्यात भिजवायचं ठेवलेलं पांढरं कापड कायमचं राखाडी झालं. चमचा आणि गाळणीही तपासा, कडेला गंज असेल तर तेवढाही पुरतो.

पाणी शक्यतो कमी क्षारांचं घ्या, पावसाचं मिळालं तर उत्तम. तापमान 70 ते 80 अंश, म्हणजे वाफा येतात पण खळखळ उकळी नाही. तासभर ठेवा, झाकून निवू द्या आणि दुहेरी फडक्यातून गाळा. खळखळून उकळत ठेवलं तर पहिल्या शाखेची टॅनिनं तुटतात आणि पकड कमी होते. डाळिंबाच्या आणि हिरड्याच्या काढ्यात तळाशी पिवळसर गाळ बसतो, तो बऱ्याच अंशी या तुटण्यातून आलेल्या एलाजिक आम्लाचा. तोच चोथा दुसऱ्यांदा भिजवला तर पातळ पण उपयोगी काढा पुन्हा निघतो, तो फेकू नका.

सुती कापडाची रंगाई: इथे टॅनिनशिवाय अडतं

लोकर आणि रेशीम ही प्रथिनं, त्यांना रंग आणि तुरटी सहज धरतात. सूत म्हणजे सेल्युलोज. त्यावर तुरटी नुसती टेकते आणि धुतली की निघून जाते. टॅनिन मध्ये आलं की ते एका हाताने धाग्याला आणि दुसऱ्या हाताने तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरतं. मग त्या ॲल्युमिनियमला रंग बिलगतो. नैसर्गिक रंगाईत सुती कापडाचा रंग दोन धुण्यांत गेला अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, टॅनिन दिलं होतं का?

पुढची मापं 100 ग्रॅम कोरड्या कापडासाठी आहेत. कापड जास्त असेल तर त्या पटीत वाढवा.

पहिलं काम कापडाची खळ आणि मेण काढणं. भरपूर पाण्यात 4 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं सौम्य डिटर्जंट घालून कापड तासभर मंद आचेवर ठेवा. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनही चहासारखं पिवळं पाणी निघतं. ते स्वच्छ येईपर्यंत धुवा. या टप्प्यावर कंटाळा केला तर पुढे रंग चट्ट्यांनी बसतो आणि तेव्हा उपाय नसतो.

मग टॅनिन. 20 ग्रॅम हिरड्याची पूड, नाहीतर 30 ते 40 ग्रॅम वाळलेली डाळिंबाची साल, नाहीतर 10 ग्रॅम मायफळ, यांपैकी एकाचा वर सांगितल्याप्रमाणे काढा करा. तो सुमारे 3 लिटर कोमट पाण्यात मिसळा. ओलं कापड त्यात सोडून पहिली पंधरा मिनिटं सतत हलवा, नंतर अधूनमधून. दोन तास पुरे होतात, रात्रभर ठेवलं तर जास्त समान बसतं. बाहेर काढून पिळा, एकदाच हलकं खळबळा आणि सावलीत वाळवा.

तिसरं काम तुरटी. 15 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवा. 2 ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तिच्यात हळूहळू ओता. फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. फेस बसला की पाणी 3 लिटरपर्यंत वाढवा आणि कापड रात्रभर भिजवा. सकाळी धुतलं की ते कोणत्याही वनस्पतिरंगासाठी तयार असतं. पुढे रंग नको असेल तरी हरकत नाही: हिरडा आणि तुरटीचा स्वतःचाच मऊ पिवळसर रंग येतो, डाळिंबाचा अधिक ठसठशीत पिवळा.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. टॅनिन दिलेलं दुसरं एक कापड घ्या. 3 लिटर कोमट पाण्यात फक्त 2 ग्रॅम हिराकस विरघळवा. हातात मोजे घाला, कापड सगळीकडून सारखं ओलं करा आणि एकाच झोकात आत सोडा. पिवळट कापड पाण्याला लागताच कडेने धुरकट होतं, मग घड्यांमधून राखाडी पसरत जातो, आणि मिनिटभरात पूर्ण कापड पावसाळी ढगाच्या रंगाचं होऊन जातं. कितीही वेळा केलं तरी मी त्या मिनिटाला भांड्यापासून हलत नाही. पाच ते दहा मिनिटांत बाहेर काढा, हवेत पसरून धरा. प्राणवायू लागला की रंग आणखी खोल जातो. मग भरपूर पाण्याने धुवा.

हिराकस वाढवून जास्त काळं करण्याचा मोह होतो. 100 ग्रॅम कापडाला 4 ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. जास्तीचं लोखंड धाग्याला हळूहळू खातं आणि काही वर्षांनी कापड नेमकं काळ्या भागात विरतं. गडद छटा हवी असेल तर टॅनिन आणि लोखंड यांची फेरी पुन्हा करा, प्रत्येक वेळी थोडं थोडं. हिराकसाचं पाणी लहान मुलांपासून दूर ठेवा, पोटात गेलेलं लोखंड मुलांसाठी जीवघेणं ठरू शकतं. रंगाईची भांडी स्वयंपाकात परत आणू नका.

तीच क्रिया कागदावर: काळी शाई

युरोपात मध्ययुगापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचं बहुतेक लेखन मायफळ आणि हिराकसाच्या शाईत झालं. जर्मन संगीतकार बाखच्या संगीताची हस्तलिखितं त्याच शाईतली. त्यांतल्या बऱ्याच पानांवर आज अक्षरांच्या जागी कागद तपकिरी पडून तुटतो, कारण लोखंड प्रमाणाबाहेर पडलेलं होतं. कापडाला लागू असलेला नियम कागदालाही लागू.

म्हणून हे माप जपून आहे: 30 ग्रॅम हिरड्याची पूड 200 मिलिलिटर पाण्यात मंद आचेवर तासभर, मग रात्रभर ठेवून दोनदा गाळा. थंड काढ्यात 5 ग्रॅम हिराकस विरघळवा आणि 5 ग्रॅम डिंकाची पूड घाला. डिंक रंगकणांना तरंगत ठेवतो आणि शाई निबवरून धावू देत नाही. बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा टाका. ताजी शाई लिहिताना फिकी दिसते, अक्षर वाळता वाळता काळं होतं. बाटलीत लोखंड बऱ्याच अंशी फेरस या फिक्या रूपात असतं आणि कागदावर हवा लागून फेरिक या टॅनिनबरोबर काळा रंग देणाऱ्या रूपात जातं, म्हणून असं. हिला फक्त बुडवायची टाक चालते. फाउंटन पेनात भरली तर गाळ अडकून पेन बसतो.

लाकूड आणि गंज

ओकसारख्या लाकडात टॅनिन स्वतःचंच असतं. म्हणून त्यात लोखंडी खिळा ठोकला आणि पाणी लागलं की भोवती काळं वर्तुळ पडतं. अशा लाकडासाठी बाहेर स्टेनलेस स्टीलचे किंवा पितळी स्क्रू वापरा, नंतर डाग घासत बसावं लागत नाही.

हाच डाग मुद्दाम पाडला की लाकूड सुंदर काळं होतं. पाव लिटर व्हिनेगरमध्ये बारीक स्टील वूलची एक गुंडाळी दोन-तीन दिवस सैल झाकणाखाली ठेवा आणि गाळा. पाइनसारख्या कमी टॅनिनच्या लाकडाला आधी अगदी कडक काळ्या चहाचे किंवा बाभळीच्या काढ्याचे दोन हात द्या, वाळू द्या, मगच लोखंडाचं पाणी ब्रशने लावा. रंग दोन-चार मिनिटांत उतरतो. तो वरचा थर नसतो, तंतूंच्या आत तयार झालेला असतो, त्यामुळे लाकडाचे रेषे झाकले जात नाहीत. पूर्ण वाळल्यावर हलका पॉलिश कागद आणि तेल. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा, एकाच झाडाच्या दोन फळ्या वेगळ्या छटा देतात.

गंजलेल्या जुन्या अवजाराला हिरड्याचा किंवा मायफळाचा दाट काढा लावता येतो. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, तेलकटपणा धुवा, काढ्याचे तीन-चार पातळ हात द्या आणि प्रत्येक हातामध्ये एक दिवस जाऊ द्या. लालसर गंज निळसर काळ्या, चिकटून बसणाऱ्या थरात बदलतो. पुरावस्तूंच्या जतनातही लोखंडावर टॅनिक आम्ल वापरलं जातं, ते याचसाठी. त्यावर मेण किंवा रंग हवाच, नाहीतर दमट हवेत गंज पुन्हा डोकं वर काढतो.

चहा, आणि त्याचे डाग

चहात टॅनिन असतं, पण ‘टॅनिक आम्ल’ म्हणून बाटलीत मिळणारा पदार्थ त्यात नसतो. ही गल्लत फार पसरलेली आहे. काळ्या चहाची पानं तीन ते पाच मिनिटांहून जास्त पाण्यात राहिली की तुरटपणा चढत जातो. हिरव्या चहाला 70 ते 80 अंशांचं पाणी पुरतं. दूध घातलं की चहा सौम्य लागतो, कारण दुधातलं केसिन टॅनिनला धरतं आणि मग लाळेच्या वाट्याला ते कमी उरतं.

कपड्यावर चहा सांडला तर लगेच पाण्याने धुवा आणि साबणाची वडी लावू नका, साबणाने हा डाग पक्का बसू शकतो. डिटर्जंट लावा. जुना डाग असेल तर सोडियम परकार्बोनेटवाली ऑक्सिजन ब्लीच पूड गरम पाण्यात घालून काही तास भिजवा, अर्थात लोकर आणि रेशीम सोडून. डाग काळा पडला असेल तर त्यात लोखंड आलं आहे असं समजा. तिथे लिंबाचा रस किंवा ऑक्झॅलिक आम्ल लागतं. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, मोजे घालूनच हाताळा. क्लोरीनचं ब्लीच अशा डागावर अजिबात नको, त्याने लोखंडाचा डाग आणखी पक्का होतो. आणि ते ब्लीच कोणत्याही आम्लात मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. कपाच्या आतला तपकिरी थर खाण्याच्या सोड्याने घासला की निघतो.

शरीराच्या बाबतीत जपून

टॅनिन अन्नातल्या लोहालाही धरतं, विशेषतः वनस्पतींतून येणाऱ्या. रक्तात लोह कमी असेल किंवा गरोदरपण असेल तर जेवणाबरोबरचा चहा टाळा. आधी-नंतर निदान तासभराचं अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबर घेणं म्हणजे गोळीचा बराचसा भाग वाया घालवणं. जेवणात क जीवनसत्त्व असेल तर हा तोटा काहीसा भरून येतो.

तोंड आल्यावर बाभळीच्या सालीच्या पातळ, गाळलेल्या काढ्याने गुळण्या करतात. वरचा थर आकसल्याने थोडा आराम पडतो. काढा गिळू नका, आणि दोन आठवड्यांत व्रण भरला नाही तर डॉक्टरांना दाखवा. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश चालू असेल तर त्या दिवसांत चहा कमी करा, दोन्ही मिळून दातांवर तपकिरी डाग पाडतात.

भाजलेल्या जागेवर टॅनिन लावू नका. 1925 मध्ये अमेरिकेतल्या एडवर्ड डेव्हिडसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी टॅनिक आम्लाची पद्धत मांडली आणि ती जगभर वापरली गेली. पुढे मोठ्या जखमांतून ते रक्तात जाऊन यकृताला इजा करतं असं दिसलं आणि 1940 च्या दशकात ती मागे पडली. भाजलं तर वाहतं थंड पाणी, आणि मग दवाखाना.

उरलेल्या काढ्याचं काय

पातळ काढा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. वर बुरशीचा पडदा आला तर टाकून द्या, कारण त्यातल्या काही बुरश्या टॅनिनच तोडून खातात आणि काढा दिसायला तसाच असला तरी पकड गेलेली असते. शंका आली तर लोखंडाचे दोन थेंब टाकून बघा. वाळलेली साल आणि पूड मात्र कोरड्या, अंधाऱ्या जागी बंद बरणीत ठेवली तर सहज वर्षभर चालते. बरणीवर नाव आणि तारीख लिहा, आणि झाकण लोखंडी पत्र्याचं नाही ना, तेवढं पाहून घ्या.